आतबट्ट्यात फसवणूक कुठे आली?

‘आतबट्ट्याचा व्यवहार’ म्हणजे फसवणुकीचा व्यवहार, असं काही जण समजतात. तसं नाही. यात कोणी कोणाला गंडवलेलं नसतं. चार पैसे सुटायचे सोडून पदरचेच जातात, एवढंच. पूर्वी नाणं बदलून घेताना जी कसर कापायचे तो बट्टा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की कान देऊन ऐका. बेणं, काढणी, शिजवणी, पॉलिश, वर गाडीभाडं, हमाली, तोलाई. पट्टीवरच्या (अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबावरच्या) रकमेतून हे सगळं वजा करून उरलेला आकडा बघत शेतकरी म्हणतो, ‘यंदा हळद आतबट्ट्यात गेली की!’ सौदा उघड, वजन चोख, तरीही.

मात्र नुसता नफा घटला तर हा शब्द वापरू नये (बातम्यांत सर्रास वापरतात). मुद्दलाला हात लागला पाहिजे.