मदत हवी आहे: निवती बंदर आणि समोरची बेटं

नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन वेंगुर्ला तालुक्यातल्या निवतीला जायचंय, कुडाळपर्यंत ट्रेनचं बुकिंग झालंय, पण पुढचं काहीच ठरत नाहीये. मागे एकदा संध्याकाळी निवतीच्या किल्ल्यावर उभा होतो, खाली पुळणीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढत होते, एका बाजूला भोगव्याचा किनारा आणि समुद्रात लांब त्या खडकांच्या बेटांवरचं लाईटहाऊस, ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही हो. तेव्हा वारा सुटला म्हणून होडी नाही मिळाली.

आता विचारायचं असं की बेटांपर्यंत होडी निवती बंदरातूनच मिळते का मालवणहून बघावी लागेल, आणि सकाळी किती वाजता निघालेलं बरं? बाबांचे गुडघे दुखतात, होडीत चढताना पाण्यात उतरावं लागतं का? बेटांवरच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची (लहान पक्ष्यांची) घरटी आहेत, पूर्वी ती चोरून विकायचे, त्या पक्ष्यांना आणखी त्रास नको म्हणून आम्हाला बेटावर उतरायचं नाहीये, लांबूनच बघायचंय. भोगवे किंवा परुळ्यात घरगुती जेवणाची सोय असलेलं राहायचं ठिकाण माहीत असेल तर प्लीज सांगा, आईला साधं जेवण लागतं.