पेडणे–पणजी रोजच्या येण्याजाण्याला २०११ची मॅन्युअल वॅगन-आर घ्यावी का?

पेडण्याहून_पणजी
नमस्कार मंडळी. जीए-०३ पासिंगची २०११ची पेट्रोल वॅगन-आर बघून ठेवली आहे. दुसरा मालक, ८२ हजार किलोमीटर, मांद्र्याला किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी असते. मालक १ लाख ४० हजार सांगतो. आरसी डिसेंबर २०२६ पर्यंत. माझ्याकडे सगळे धरून दीड लाख आहेत. क्लच बराच वर पकडतो आणि दुसरा गिअर टाकताना कधी कधी कर्र होते. सोडून द्यावी का?

खारा_वारा
क्लचचे नंतर. मांद्र्याला उघड्यावर उभी म्हणजे आधी गाडी खालून बघा. क्लच-गिअरबॉक्स पैसे टाकले की नवे होतात, गंजून कुजलेली बॉडी होत नाही.

गॅरेजवाल्याला सांगून रॅम्पवर चढवा. सायलेन्सरवर किंवा मागच्या अ‍ॅक्सलवर तांबूस गंज असेल तर घाबरू नका, तो इथे प्रत्येक गाडीला असतो. पापुद्रे कुठे सुटतात ते शोधा. दारांखालचा रनिंग बोर्ड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टोकांपासून मध्यापर्यंत ठोकत जा. शाबूत पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. तिथली पाणी जायची भोके लाल मातीने बुजतात आणि पावसाळाभर आत पाणी साचून पत्रा आतून खाल्ला जातो, वरचा रंग मात्र छान दिसतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळ्याही तपासा. खाली नुकताच काळा कोटिंग मारलेला असेल तर तो खरवडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग आतले मॅट काढून कार्पेट उचला. पुढे डाव्या बाजूला ओल असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो किंवा वायपरखालच्या जाळीत पाने अडकलेली असतात. बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या बैठकीभोवती बघा, आणि डिकीत स्टेपनी काढून तिच्या खालचा पत्राही. शॉकअपच्या बैठकीला भोक दिसले तर किंमत विचारायचीच नाही.

गिअरबॉक्स_फोंडा
खारा_वारा यांचे बरोबर आहे, पण दीड लाखाच्या आत बसवायचे तर क्लचचा खर्चही आधीच कळायला हवा.

या गाडीला केबलचा क्लच आहे. हाताने पेडल दाबून बघा, सुरुवातीचा सेंटिमीटर-दीड मोकळा जायला हवा. तो अजिबात नसेल तर केबल जास्त ताणलेली आहे, त्यानेही क्लच वर पकडतो आणि घसरतो. आधी केबल अ‍ॅडजस्ट करून घ्या. मग सपाट जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट पकडते आहे. इंजिन चालूच राहिले तर प्लेट संपली. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट जळते.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावे, कारण प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीसकट सहा ते आठ हजार धरा. उतरवलाच आहे तर क्रँकचा मागचा ऑइल सीलही बघून घ्या.

कर्रचे असे: रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, म्हणून क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही कर्र झाले तर क्लच नीट सुटत नाही. रिव्हर्स गुपचूप पडला आणि फक्त दुसराच ओरडला तर त्याची सिंक्रो रिंग झिजली आहे. हळू टाकून वर्षे काढता येतात, नवे गिअर ऑइल घातल्यावर थोडा फरकही पडतो. पण उतारावर दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. त्या भावात ही गाडी परवडत नाही.

इंजिन सकाळी थंड असतानाच चालू करायला लावा. याला टायमिंग चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. चालू करताच खडखड होऊन थांबत नसेल तर चेनकडे लक्ष द्या.

कागदपत्रे_आधी
मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास त्याचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि एम-परिवहन अ‍ॅपवर चलने. विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा, गाडी कधी रेंट-अ-कॅबला होती का ते त्यात दिसते. तशा गाड्यांचे क्लच रोज नव्या माणसाच्या पायाखाली गेलेले असतात.

डिसेंबरात आरसी संपते, तिच्या नूतनीकरणाला फॉर्म २५, ५,००० रुपये फी आणि आरटीओची तपासणी, मग पाच वर्षे मिळतात. अर्ज मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. हा खर्च आणि तपासणीची जोखीम किमतीतून वजा करा.

पेडण्याहून_पणजी
सगळ्यांचे आभार. काल बघून आलो. रिव्हर्स गुपचूप पडतो. केबल सैल केल्यावर क्लच खाली आला आणि इंजिन लगेच बंद पडले. डावे कार्पेट ओले, खाली सुईएवढी तीन भोके. डाव्या रनिंग बोर्डावर पुढच्या चाकामागे भद्द आवाज येतो.

खारा_वारा
सपाट फ्लोअरची भोके पत्रा वेल्ड करून बुजतात. रनिंग बोर्डाचे ठिकाण मात्र जॅक लावायच्या खाचेजवळचे आहे. मालकासमोर तिथेच जॅक लावून चाक दोन बोटे उचला. पत्रा दबला किंवा चुरचुरला तर तिथूनच परत या. टिकला तर वेल्डिंग आणि आरसी धरून १ लाख ५ हजारांच्या वर जाऊ नका, आणि कार्पेट वाळेपर्यंत पैसे देऊ नका.