अनुभव धागा: मुलांकडे गेल्यावर दारातला बर्फ उपसताना

दरवर्षी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन-तीन घरांना कुलपं लागतात. कुणी टोरांटोला लेकीकडे, कुणी बॉस्टनला मुलाकडे. शक्यतो सगळे उन्हाळ्यातच जातात, पण बाळंतपण काही ऋतू बघून येत नाही. नातवासाठी आम्हीही ऐन जानेवारीत बॉस्टनला होतो.

तिथे बर्फ थांबल्यावर तीन तासांच्या आत घरासमोरचा फुटपाथ मोकळा करावा लागतो. रात्रीत पडला असेल तर सूर्योदयापासून तीन तास. त्या सकाळी मुलगा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, सून बाळाला पाजत होती. "नुसतं बसून काय करू, मी काढतो की," म्हणत हे बाहेर गेले. वय 67, रोज पर्वती चढणारा माणूस. मलाही अडवावंसं वाटलं नाही. वीस मिनिटांनी जबडा धरून आत आले. "दाढ ठणकतेय." कपाळावर मात्र घाम. सुनेनं एक क्षण न दवडता 911 फिरवला, म्हणून आज हे समोर बसून पेपर वाचतायत. एक स्टेंट पडला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते इथे लिहिते. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पाय जवळपास जागच्या जागी आणि सगळा जोर हातांवर, त्यामुळे चढण चढण्यापेक्षा हा ताण फार वेगळा. त्यात ओझं उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो. वेळही सकाळची, जेव्हा हृदयविकाराचे झटके एरवीही जास्त येतात. पर्वतीचा सराव इथे पुरत नाही.

तुमचे अनुभव लिहा. आपल्या वयाच्या कुणीतरी वाचायला हवेत.

सहकारनगरहून

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी निवृत्त इंजिनिअर. मुलाच्या ड्राइव्हवेचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेचा, मी एकदा हिशेब केला होता. सहा मीटर रुंद, दहा मीटर लांब, वीतभर म्हणजे 20 सेंटिमीटर बर्फ. झाले 12 घनमीटर. कोरडा, नुकता पडलेला बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तरी 1,200 किलो. ओला असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. कापसासारखा दिसतो म्हणून कुणी फसू नये.

दुसरी गोष्ट अवजाराची. आपलं फावडं आपण स्वतःकडे ओढतो, घमेल्यात भरतो. तिकडचं फावडं पुढे ढकलायचं असतं. माझा हात जुन्या सवयीनं चालला, मी उचलून खांद्यावरून मागे फेकत राहिलो आणि कमरेत अशी उसण भरली की आठ दिवस पाट्यासारखा पडून होतो. शेजाऱ्यानं मग दाखवलं: शक्यतो ढकलायचंच. उचलावंच लागलं तर गुडघ्यात वाकून, अर्धंच भरून, आणि कंबर न पिळता पावलं वळवून टाकायचं. फूटभर पडेपर्यंत थांबू नका, तीन-चार इंच झाले की एक हात फिरवा.

बाणेरचा, सध्या मिनियापोलिस

मी मुलांच्या बाजूनं लिहितो. बाबा येतात तेव्हा मी फावडं गाडीच्या डिकीत ठेवतो. उद्धटपणा नाही, काळजी आहे. काका-मावशींनो, तुम्ही मदत केली नाही तर आम्हाला राग येत नाही, हे खरंच मनापासून.

सगळ्यात वाईट भाग शेवटी येतो. आपण दमून आत जातो आणि म्युनिसिपालटीचा ट्रक रस्ता साफ करत ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून जातो. तो बर्फ दाबलेला, दगडासारखा. तिथेच माणसं जोर लावतात. मी तो थराथरानं, थांबून थांबून काढतो.

खडे मीठ साधारण उणे 9 सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा पाय घसरू नये म्हणून वाळू टाका. आणि बर्फ पडल्यावर घराच्या हीटरचा धूर बाहेर सोडणारा पाइप आधी मोकळा करा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, त्याला वास नसतो. गाडीच्या सायलेन्सरचंही तेच: आधी तिथला बर्फ काढा, मगच इंजिन चालू करा.

औंधहून

मी उपसायला नाही, फक्त कचरा टाकायला गेले होते. ओल्या दिसणाऱ्या डांबरावर काचेसारखा पातळ थर होता. मनगट मोडलं. आता बुटांना बांधायचे काटे घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

वानवडीहून

फौजेत होतो, काश्मीरच्या बर्फात तीन हिवाळे काढले. तंबूवरचा बर्फ रात्रीतून उठून काढावा लागे, नाहीतर तंबू बसायचा. उस्तादांचा पहिला नियम होता: घाम येऊ द्यायचा नाही. काम थांबलं की तोच घाम अंग गारठवतो. म्हणून एकच जाड कोट नको, पातळ थर घाला आणि अंग तापलं की एक उतरवा. सुरुवात सावकाश, मध्ये कोमट पाणी. एकट्यानं कधीही नाही. घरातल्या कुणालातरी सांगूनच बाहेर पडा. छाती, जबडा, हात, पाठ, कुठेही दुखलं किंवा धाप लागली की फावडं तिथेच टाकायचं. "एवढं संपवतो आणि येतो" म्हणायचं नाही.

धागाकर्ती, कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं होतं: परदेशी जाताना विमा काढाल तेव्हा आधीच्या आजारांबद्दलचं कलम ओळ न ओळ वाचा. आमचा बीपी आधीचा होता आणि त्यावरून पुढे खूप पत्रव्यवहार झाला.

आम्ही या जानेवारीत पुन्हा जातोय. ह्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे पडणंही परवडणारं नाही. मुलगा बाहेर काम करत असताना ह्यांनी खिडकीत घड्याळ घेऊन बसायचं आणि पंधरा मिनिटं झाली की काचेवर टकटक करून त्याला चहाला आत बोलवायचं, असं ठरलंय. ह्यांनी कबूल केलंय.