लग्न झालं नाही म्हणून बेचाळिशीतही 'कु.'च?

माणदेशी_लेक:
साताऱ्यातल्या एका संस्थेची कार्यक्रमपत्रिका पाहिली. पुरुष पाहुणे सगळे श्री., बायका सौ., आणि बेचाळीस वर्षांच्या एका प्राध्यापिका मात्र 'कु.'! लहानपणी हजेरीपटावर मुलगा-मुलगी दोघंही कु. असतात. मुलगा मोठा झाला की आपसूक श्री. होतो, त्याचं लग्न झालंय का हे कुणी बघत नाही. मुलगी मात्र अक्षता पडेपर्यंत कु.च. अठरा पूर्ण झाली की प्रत्येकीला श्रीमती लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

कृष्णाकाठ:
ताई, आमच्या वाळव्याकडं श्रीमती लिहिलं की लोक विचारतात, "मालक कधी गेले?" कुमारी या शब्दात कमीपणा कसला? नवरात्रात आपण कुमारिका पूजतोच की. माझ्या आत्यानं लग्न केलं नाही, शेती एकटीनं सांभाळली आणि शेवटपर्यंत अभिमानानं कु. लावलं.

माणदेशी_लेक:
पूजतो त्या कुमारिका दहाच्या आतल्या असतात. तोच शब्द मोठ्या बाईला लावला की ती अजून पोरच ठरते. शिवाय त्यात अक्षतयोनी हाही अर्थ आहे, तो पत्रिकेवर कशाला? श्रीमती म्हणजे श्री असलेली, त्यात नवरा कुठंच नाही. विधवांसाठी पूर्वी गं. भा. लिहीत, मग श्रीमतीवर तो शिक्का आपणच मारला. वापरानं बिघडलं ते वापरानंच सुधारेल.

सह्याद्री७:
सहमत. पश्चिम जर्मनीनं १९७२ मध्ये सरकारी वापरातून अविवाहितेसाठीचं 'फ्रॉइलाइन' काढलं, फ्रान्सनं २०१२ मध्ये तसंच 'मादमोआझेल'. आपल्या सातारा जिल्ह्यातच २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली.

कृष्णाकाठ:
नकुशी हा उघड अपमान होता, त्याच्या पंगतीला कु. बसवू नका. जिला हवंय तिचं कु. काढून घेणंही जबरदस्तीच. विचारून लिहा.

छापखाना_सांगली:
आम्ही यजमानांनी दिलेला मजकूर लावतो. हल्ली बरेच जण नुसती नावं देतात. लग्नपत्रिकेत मात्र चि. आणि चि. सौ. कां. हवंच असतं.

कृष्णाकाठ:
नुसतं नाव छापलं तर वडीलधारी रुसतात. मानाचं काहीतरी पाहिजेच.

सह्याद्री७:
मग 'बाई' आहे ना! नायगावच्या सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या. शाळेत बाईंना बाई म्हणताना त्यांचं लग्न झालंय का, हे कुणी विचारलं होतं?