ईजीएफआरची गोळी आहे ना, मग सोबत केमो कशाला?

सायली_क (धागाकर्ती):
मावशी, वय ५८, जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. म्युटेशन रिपोर्ट आला: ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन (त्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालाय). आम्ही हुश्श केलं, आता रोज एक जेफिटिनिब, म्हणजे ईजीएफआर दाबणारी गोळी. तर डॉक्टर म्हणतात, सोबत केमोही देऊ.

मला पटत नाही. ईजीएफआर हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल. बाहेरून वाढीचा निरोप आला की वाजते, आत रास-राफ-मेक-अर्क ही साखळी हलते नि पेशीची दोन शकलं होतात. म्युटेशनमुळे कुणी दाबलेली नसताना ती वाजतच राहते. मग बेलची वायर काढा, घरभर हातोडा कशाला? सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरात इमॅटिनिब २००१ पासून हेच करतंय. लोक गोळी घेऊन वर्षानुवर्षं नोकऱ्या करतायत.

खडूस_काका:
सीएमएल इथे लावू नका. तिथे सुरुवातीला सगळा आजार बीसीआर-एबीएल या एकाच बिघाडावर चालतो. फुफ्फुसाच्या गाठीत टीपी५३ हे पेशीला आवर घालणारं जनुक बिघडणं वगैरे आणखी भानगडी असतात. घर जुनं आहे हो, जागोजागी जोड मारलेत. जेफिटिनिबने वायर काढली की काही महिन्यांनी साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम हे नवं म्युटेशन डोकं वर काढतं. काहींत मेट नावाचा दुसराच रिसेप्टर तोच निरोप आत पोचवतो.

टाटा मेमोरियलची चाचणी बघा. ३५० रुग्ण, पेपर २०२० चा. नुसत्या जेफिटिनिबवर आजार सरासरी ८ महिने आटोक्यात, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो जोडल्यावर १६. दुप्पट!

निशिगंध:
काका, त्याच पेपरातलं दुसरं वाक्य गिळलंत. गंभीर दुष्परिणाम एकट्या गोळीवर २५ टक्के, जोडीवर ५१. आणि जेफिटिनिब आता जुनं झालं. ओसिमर्टिनिब ही नवी गोळी टी७९०एमलाही धरते, एकटीने १८.९ महिने काढून देते. मग सुया कशाला टोचायच्या?

खडूस_काका:
२०२३ मध्ये ओसिमर्टिनिबलाही केमो जोडून पाहिली. त्या चाचणीत एकट्या गोळीच्या १६.७ चे जोडीवर २५.५ महिने झाले. शिवाय ती गोळी खिशाला झेपते का, हे आधी विचारा. जेफिटिनिब जेनेरिकमध्ये मिळतं.

निशिगंध:
'आजार आटोक्यात' म्हणजे 'माणूस मजेत' नव्हे. तुमचे महिने स्कॅनवर मोजलेत.

लॅबवाली:
दोघांनाही एक आठवण. बीराफ (सायलीच्या साखळीतला एक राफ) याचं व्ही६००ई म्युटेशन मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरात, असलं तर बीराफ दाबणाऱ्या वेमुराफेनिबने गाठी झपाट्याने आकसतात. आतड्याच्या कॅन्सरात तेच म्युटेशन, तीच गोळी, आणि फरक जेमतेम. कारण बीराफ दाबला की तिथे ईजीएफआर उसळी मारतो. म्हणून आता दोन्ही एकदम दाबतात. तेव्हा "वायर काढा"वर विसंबू नका. केमोचं मत मात्र मावशींची किडनी आणि हिंडणं-फिरणं बघूनच, स्लाइडवरून ते कळत नाही.

सायली_क:
किडनीचं क्रिएटिनिन ठीक आहे. काल मावशीला काकांचे आकडे वाचून दाखवले. ती म्हणाली, "८ आणि १६ राहू दे, केस जातात का ते सांग."

लॅबवाली:
या जोडीत विरळ होतात, टक्कल सहसा पडत नाही. पण पेमेट्रेक्सेडच्या आधी फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणि बी१२ चं इंजेक्शन लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय का?

सायली_क:
फॉलिक अ‍ॅसिड दिलंय. बी१२ चं आज विचारते.