शब्दचर्चा : ‘क्वीयरबेटिंग’ला मराठीत काय म्हणावं?

मालिकांवर लिहिताना हा शब्द सारखा लागतो. दोन मैत्रिणींत किंवा दोन मित्रांत ‘काहीतरी आहे’ असं नजरांतून, अर्धवट वाक्यांतून सुचवत राहायचं, त्या आशेवर समलिंगी प्रेक्षकांना एकेक भाग बघायला लावायचं आणि नातं मात्र कधीच कबूल करायचं नाही, असा त्याचा अर्थ. देवनागरीत ‘बेटिंग’ लिहिलं की सट्टा आठवतो. मूळ शब्द आमिषाचा आहे. ‘क्वीयर-आमिष’ लिहून पाहिलं, पण गळाला किडा लावल्यासारखं वाटतं. काही सुचतंय का?

— कोपराला गूळ लावणे! दिसतो, वास येतो, जीभ पोचत नाही. ‘गाजर दाखवणे’ही चालेल, पण गाजरामागे माणूस निदान चार पावलं चालतो. इथे प्रेक्षक जागच्या जागी मान वेळावत बसतो.

— गूळ पटला. फक्त प्रत्येक आडून सांगितलेल्या नात्याला तो फासू नका. ‘झीना’ ही इंग्रजी मालिका (१९९५–२००१) घ्या. झीना आणि गॅब्रिएल या दोघींचं प्रेम तेव्हाच्या टीव्हीवर उघड दाखवणं कठीण, म्हणून ते सूचकपणे यायचं आणि ज्यांना कळायचं त्यांना नेमकं कळायचं. इंग्रजीत याला क्वीयर-कोडिंग म्हणतात. आपल्याकडे त्याहून जुना शब्द पडून आहे : व्यंजना. व्यंजनेत अर्थ पोचवायचा असतो, गुळात तो पोचू द्यायचा नसतो.

— आणि सरळ झाकणं राहिलंच. ‘सेलर मून’ या जपानी कार्टून मालिकेच्या जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये सेलर युरेनस आणि सेलर नेपच्यून या प्रेयसींना चक्क कझिन करून टाकलं होतं. संवाद बदलले, चित्रातल्या नजरा तशाच राहिल्या, त्यामुळे प्रकरण भलतंच विचित्र झालं. मराठीत करायचं तर आधी हे ठरवावं लागलं असतं : चुलत, मावस, आते की मामे?

— मूळ प्रश्न माझाच. गूळ घेतला. नाम म्हणून ‘कोपरगूळ’ चालेल? ‘सहा सीझन नुसता कोपरगूळ.’ आता जोडीला ‘कमिंग आउट’ही सुचवा. १९९७ साली ‘एलेन’ मालिकेत नायिका आपण गे आहोत हे विमानतळावर एकीलाच सांगायला जाते आणि चुकून माइकवरून सगळ्यांना ऐकू जातं. त्या प्रसंगाला ‘बाहेर येणे’ म्हटलं तर ती खोलीतून आल्यासारखी वाटते.

— ‘कबुली’ नको, त्यात गुन्हा आहे. ‘सांगून टाकणे’ बघा. ‘तिनं आईला सांगून टाकलं.’ त्या ‘टाकणे’त ओझं उतरल्याचा सुस्कारा आपोआप येतो. आणि हो, तुम्हीच वर ‘नातं कबूल करायचं नाही’ लिहिलंय.

— अरेच्चा, खरंच की. ‘नातं कधीच उघड दाखवायचं नाही’ असं वाचा.