शब्दचर्चा : ‘वॉक-ऑन’ खेळाडूला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : बेकर मेफील्ड या अमेरिकन फुटबॉलपटूच्या महाविद्यालयीन कारकिर्दीवर परिचयलेख लिहिताना ‘वॉक-ऑन’ या शब्दापाशी अडायला होते. हौशी, राखीव आणि उमेदवार असे पर्याय सुचले आहेत. त्यांतील कोणता योग्य ठरेल?

उत्तर : ज्याला विद्यापीठाने क्रीडा-शिष्यवृत्ती देऊन बोलावलेले नाही, पण जो स्वखर्चाने शिकत संघात जागा मिळवतो, तो वॉक-ऑन. वरच्या श्रेणीतील संघांना फुटबॉलसाठी अनेक वर्षे ८५ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि त्यापलीकडची मुले अशीच येत. ‘हौशी’ म्हणावे, तर त्या काळी शिष्यवृत्तीधारकही नियमानुसार हौशीच होते. ‘राखीव’ तर सरळ चुकीचे आहे, कारण २०१३ मध्ये टेक्सस टेक विद्यापीठात शिष्यवृत्तीविना दाखल झालेला मेफील्ड हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सुरुवातीपासून क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती असलेला, पास फेकणारा खेळाडू) म्हणून उतरला आणि ४१३ यार्डांचे पास देऊन त्याने चार टचडाउन साधले. वकिलाकडे बिनपगारी काम शिकणाऱ्याची ‘उमेदवारी’ मराठीत रुळलेली आहे, म्हणून तो शब्द मला मनापासून आवडतो. मात्र आजचा वाचक ‘उमेदवार’ म्हटल्यावर निवड व्हायची आहे असेच समजेल, आणि वॉक-ऑन हा तर निवड झालेला, संघाचा पुरता सदस्य असतो.

माझ्या मते पहिल्या उल्लेखाला ‘बिनशिष्यवृत्तीचा खेळाडू’ असे लिहून पुढे ‘वॉक-ऑन’ हाच शब्द ठेवावा.

पुरवणी : वरील मत पटते, परंतु याच खेळाडूच्या बाबतीत आणखी काटेकोर राहावे लागेल. मेफील्ड पुढे ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, तोही शिष्यवृत्तीविनाच. दोन्ही विद्यापीठे तेव्हा ‘बिग ट्वेल्व्ह’ या एकाच स्पर्धा-गटात होती आणि गटांतर्गत विद्यापीठ बदलणाऱ्याचे खेळण्याचे एक वर्ष कापले जाई, त्यामुळे २०१४ मध्ये बाहेर बसूनही ते वर्ष त्याच्या खात्यावर खर्ची पडले आणि २०१६ हा त्याचा शेवटचा हंगाम ठरणार होता. जून २०१६ मध्ये वॉक-ऑन खेळाडूंना या नियमातून सूट देण्याचा प्रस्ताव गटातील विद्यापीठांच्या मतदानात ५-५ अशा बरोबरीने फेटाळला गेला. दुसऱ्याच दिवशी, आधीच्या विद्यापीठाने शिष्यवृत्तीचा लेखी देकार दिलेला नसेल अशाच खेळाडूंपुरती ही सूट आहे, अशी शब्दरचना केल्यावर तो ७-३ ने मंजूर झाला. या दुरुस्तीमुळे मिळालेल्या २०१७ च्या हंगामात त्याने सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारा हाइस्मन पुरस्कार पटकावला आणि व्यावसायिक संघांच्या २०१८ च्या खेळाडू-निवडीत क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले.

तेव्हा लेखातील नियमाच्या परिच्छेदात ‘शिष्यवृत्ती न मिळालेला’ असे मोघम न लिहिता ‘शिष्यवृत्तीचा लेखी देकार नसलेला’ असेच लिहावे. एरवी ‘बिनशिष्यवृत्तीचा’ पुरेसे आहे.